वर्ध्याची आंबील, नायजेरियाची ओगी : सकाळच्या ताटाचा इतिहास

१/
सावंगी (मेघे) हे वर्धा शहराला लागून, यवतमाळच्या रस्त्यावर वसलेले गाव. १९९० मध्ये येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव आहे. विद्यार्थी, परिचारिका, रुग्णांचे नातलग, ऑटोचालक अशा साऱ्यांची सकाळ येथे बहुधा एकाच ताटलीने सुरू होते : पोहे, त्यावर हरभऱ्याची झणझणीत तर्री, बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि सोबत चहा. ही ताटली इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार वाटते. वस्तुतः वर्ध्याच्या मातीत सकाळचे अन्न दीर्घकाळ वेगळेच होते. हा धागा त्या विसरलेल्या न्याहारीचा आहे.

२/
आरंभ शब्दांपासून करू. ‘नाश्ता’ हा शब्द फारसीतून आला. मूळ भाषेत त्याचा अर्थ ‘उपाशीपोटी असलेला’ असा होतो. मराठीत तो पोट भरण्याच्या कृतीलाच लागला. शेतकरी घरात मात्र शब्द होता ‘न्याहारी’. ती उठल्या उठल्या खाण्याची गोष्ट नव्हती. माणसे दिवस उगवण्याआधी शेतावर जात, दोन-तीन तासांचे काम उरकत आणि मग घरून आलेली शिदोरी बांधावर सोडली जाई. म्हणजे न्याहारी हे श्रमाच्या मधले जेवण होते. तिने पोटाला आधार द्यायचा होता, तोही दुपार टळेपर्यंत.

३/
त्या शिदोरीत काय असे? ज्वारीची शिळी भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा, कधी झुणका, कधी अंबाडीची भाजी. घरी राहणाऱ्यांसाठी ज्वारी भरडून शिजवलेल्या कण्या आणि ताक. आणि उन्हाळ्यात आंबील. ज्वारीचे पीठ रात्री ताकात वा पाण्यात कालवून ठेवायचे, रातोरात ते आंबते, सकाळी त्यात पाणी घालून ढवळत शिजवायचे आणि मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घालून वाटीने प्यायचे. आंबील म्हणजे आंबवलेले. नावातच तिची कृती सांगितलेली आहे.

४/
हे केवळ गरिबीचे अन्न होते असे समजणे अपुरे ठरेल. त्यामागे रोकडा हिशेब होता. आंबवण्याचे काम रात्र करते, त्यामुळे पहाटे सरपण आणि वेळ दोन्ही वाचतात. आंबवलेले पीठ पचायला हलके होते आणि पातळ आंबील वैदर्भीय उन्हात शरीरातील पाणी टिकवते. ज्वारी काळ्या जमिनीत पावसाच्या पाण्यावर येते, आणि तिचा कडबा बैलांना वर्षभर पुरतो. एकाच पिकावर माणसाची न्याहारी आणि बैलाचा चारा अवलंबून होता. वऱ्हाड-वर्ध्याच्या शेतीचा कणा हाच होता.

५/
आता प्रश्न असा की ही ज्वारी तरी ‘इथलीच’ होती का? नव्हती. ज्वारी माणसाळवल्याचा सर्वांत जुना पुरावा पूर्व सुदानमधला असून तो इसवीसनपूर्व सुमारे ३००० इतका मागे जातो. बाजरीचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील सहारालगतच्या कोरड्या पट्ट्यात आहे. विदर्भात जिला बरबटी म्हणतात ती चवळीही आफ्रिकेचीच. ही तिन्ही पिके इसवीसनपूर्व दुसऱ्या सहस्रकात भारतीय उपखंडात येऊन पोहोचली. ज्या भाकरीला आपण मातीचे अन्न म्हणतो, तिचे माहेर समुद्रापार आहे.

६/
म्हणूनच वर्ध्याची जुनी न्याहारी समजून घेण्यासाठी आफ्रिकेतील आजच्या न्याहारीकडे पाहणे उपयोगी ठरते. नायजेरियाचे उदाहरण घेऊ. तो देश ज्वारी पिकवण्यात जगात अग्रगण्य आहे. तेथे योरुबा लोक सकाळी ‘ओगी’ पितात, इग्बो लोक तिलाच ‘अकामू’ म्हणतात, आणि उत्तरेकडील हौसा लोकांच्या घरी ‘कोको’ असतो. ज्वारी, बाजरी किंवा मका एक ते तीन दिवस भिजवायचा, ओलाच दळायचा, पातळ कापडातून गाळायचा आणि खाली बसलेला साका आंबू द्यायचा. सकाळी त्यावर उकळते पाणी ओतले की दाट, आंबट पेज तयार. आंबिलीची ही सख्खी बहीण म्हणावी लागेल.

७/
पेजेसोबत तेथे तळणीचा पदार्थ हवा असतो. योरुबा त्याला ‘अकारा’ म्हणतात, हौसा ‘कोसाई’. चवळी भिजवून, तिची साले चोळून काढून, कांदा आणि मिरचीसह वाटायची, पीठ हलके होईपर्यंत फेटायचे आणि चमच्याचमच्याने तेलात सोडायचे. हे वर्णन वाचून वैदर्भीय वाचकाला काय आठवेल? बरबटीचे वडे! तीच शेंग, तेच भिजवणे, तेच वाटणे. फरक एवढाच की आपल्याकडे वाटण भरड ठेवतात, त्यात लसूण-कोथिंबीर पडते आणि वडा हातावर थापला जातो. अकारा मात्र फेटल्यामुळे आतून जाळीदार होतो.

८/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन पदार्थ सारखे दिसले म्हणून एक दुसऱ्यावरून घेतला, असा निष्कर्ष इतिहासात काढता येत नाही. भारतात उडदाचे आणि इतर डाळींचे वडे चवळीवाचूनही फार प्राचीन आहेत. सारखेपणाचे कारण पिकातच आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून तिची पेज होते किंवा थापून भाकर होते. तिचा पाव फुगत नाही. शेंगेचा दाणा भिजला की वाटला जातो आणि वाटला की तळता येतो. धान्य आपले काही नियम सोबत घेऊनच प्रवास करते. दोन टोकांच्या बायकांनी एकमेकींना न पाहता त्याच नियमांतून वाट काढली.

९/
हा पहिला प्रवास आफ्रिकेकडून भारताकडे झाला. दुसरा झाला अमेरिकेकडून दोन्हींकडे. १४९२ नंतर स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांनी मका, मिरची, भुईमूग, बटाटा आणि कसावा ही दक्षिण व मध्य अमेरिकेतील पिके जगभर पसरवली. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची ठाणी होती आणि १५१० पासून गोवाही त्यांच्याच ताब्यात होते. त्यामुळे नायजेरियाच्या अकाऱ्यातील मिरची आणि वर्ध्याच्या ठेच्यातील मिरची या एकाच साम्राज्याच्या जहाजांवरून आलेल्या प्रवासी आहेत. ज्वारीची भाकर कित्येक शतके मिरचीच्या ठेच्यावाचून खाल्ली गेली, हे आज कल्पनेत आणणेही अवघड जाते.

१०/
कसाव्याची कथा अधिक बोलकी आहे. हा ब्राझीलकडील कंद सोळाव्या शतकात आफ्रिकेत पोहोचला, परंतु त्यात विषारी द्रव्य असते आणि ते काढण्याचे तंत्र यावे लागते. नायजेरियात कसाव्याचा खरा प्रसार एकोणिसाव्या शतकात झाला. ब्राझीलमधील गुलामगिरीतून मुक्त झालेली योरुबा कुटुंबे परत आली आणि कंद किसून, पिळून, आंबवून, भाजून ‘गारी’ करण्याची रीत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. आज नायजेरिया कसाव्याच्या उत्पादनात जगात पहिला आहे. थंड पाण्यात भिजवलेली गारी, साखर आणि मूठभर शेंगदाणे ही तेथील विद्यार्थ्यांची हमखास भूक भागवणारी वाटी आहे.

११/
कसावा आणि शेंगदाणे! मराठी घरात ही जोडी कोठे भेटते? साबुदाण्याच्या खिचडीत. साबुदाणा मुळात आग्नेय आशियातील एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातील पिठापासून होत असे. दक्षिण भारतात कसाव्याची लागवड वाढली ती एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरच्या राजांच्या उत्तेजनाने. पुढे दुसऱ्या महायुद्धात मलाया-सिंगापूरकडची आवक थांबली, तेव्हा १९४० च्या दशकात तमिळनाडूतील सेलम येथे कसाव्याच्या पिठापासून साबुदाणा करणारे कारखाने उभे राहिले. आज एकादशीला वर्ध्यात भिजत पडणारा दाणा बहुधा त्याच पट्ट्यातून आलेला असतो.

१२/
खिचडीतील घटक मोजून पाहा. साबुदाण्याचा कसावा, शेंगदाणा, मिरची, बटाटा : चारही अमेरिकेचे. आणि हा पदार्थ आपण खातो उपवासाला, म्हणजे धर्माचरणाच्या दिवशी! यात विसंगती वाटली तरी कारण सोपे आहे. उपवासाचे नियम धान्य वर्ज्य करतात आणि कंदमुळांना मोकळीक देतात. नियम घडले तेव्हा हे कंद ठाऊकच नव्हते, म्हणून त्यांच्यावर बंदीही नव्हती. नवी पिके जुन्या नियमातील मोकळ्या जागेतून आत आली. परंपरा सहसा असेच करते : नाव जुने ठेवते आणि आतील जिन्नस बदलू देते.

१३/
मग आंबील आणि कण्या मागे का पडल्या? त्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकात होते. १८६२ मध्ये नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा झाला. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे नवे ठाणे वसले आणि त्याला वर्धा हे नाव मिळाले. १८६७ मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या भावाचा हा काळ. हिंगणघाट आणि पुलगाव येथे पुढे कापडगिरण्या निघाल्या. जो माणूस गिरणीच्या भोंग्यावर वा कचेरीच्या घड्याळावर निघतो, त्याला बांधावरची न्याहारी उपयोगाची नसते. त्याला घराबाहेर पडण्यापूर्वी किंवा रस्त्यात, झटपट काही हवे असते.

१४/
ही जागा पोह्यांनी घेतली. पोहे स्वतः नवे नाहीत. संस्कृतात त्यांना ‘पृथुक’ म्हणत आणि सुदाम्याची पुरचुंडी तर सर्वांना ठाऊक आहे. परंतु वर्धा हा भाताचा मुलूख नव्हे. भात पिकतो पूर्वेकडे, भंडारा-गोंदियात आणि त्यापलीकडे छत्तीसगडात. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडच्या दिशेने लोहमार्ग गेला आणि तो तांदळाचा प्रदेश ज्वारीच्या प्रदेशाशी जोडला गेला. आजही छत्तीसगडातील भाटापारा पोह्यांच्या गिरण्यांसाठी ओळखले जाते. प्रवासात खाण्याचा, प्रसादाचा, पाहुण्यांपुढे ठेवण्याचा हा पदार्थ हळूहळू रोजचा झाला. न्याहारी प्रथमच गावच्या शेतातून न येता बाजारातून येऊ लागली.

१५/
लोहमार्ग आणि सकाळचे खाणे यांचे नाते लागोसमध्येही दिसते. १९०१ मध्ये लागोस–इबादान मार्ग खुला झाला. १९१३ मध्ये एमॉस शॅकलफर्ड नावाचा जमैकाचा माणूस रेल्वेत कारकुनी करण्यासाठी तेथे आला. पुढे नोकरी सोडून १९२१ मध्ये त्याने बेकरी काढली आणि पाव शहरभर पोहोचवला. लागोसजवळच्या आगेगे या ठिकाणाचे नाव घेऊन तेथील मऊ, दाट पाव ‘आगेगे ब्रेड’ म्हणून आजही ओळखला जातो. ज्या देशात गहू फारसा पिकत नाही, तेथे पाव रोजचा झाला; जेथे भात पिकत नाही, तेथे पोहे. दोन्ही ठिकाणी कारण समानच होते : पगारी नोकरी आणि आगगाडी.

१६/
पोह्यांच्या जोडीला चहा आला, तो मात्र आपोआप आला नाही. भारतातील चहा दीर्घकाळ निर्यातीसाठीच पिकवला जाई. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवण्याचा कायदा झाला आणि त्या पैशांतून देशांतर्गत प्रचार सुरू झाला. १९३० च्या दशकातील मंदीत परदेशी मागणी घटताच हा प्रचार तीव्र झाला. रेल्वे स्थानके, गिरण्या, आठवडी बाजार येथे चहा करून दाखवला जाई आणि फुकट पाजला जाई. आंबील आणि ताक यांची जागा एका गरम, गोड, भूक मारणाऱ्या पेयाने घेतली. मजुराला ते परवडले, कारण त्यामुळे जेवण पुढे ढकलता येई.

१७/
नेमक्या याच वेळी वर्ध्यात या बदलाला जाणीवपूर्वक विरोध उभा राहिला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे प्रमुख कार्यकर्ते होते. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ यांचे प्रयोग तेथे झाले. गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये जवळच्या शेगावला राहायला गेले. त्याच गावाला १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. १९४२ मध्ये लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात त्यांनी चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला दिला. मगनवाडीचा मुद्दा चवीपुरता नव्हता : खेड्याचे अन्न खेड्यात दळले-सडले गेले तर पैसा खेड्यात राहील, हा त्यामागचा अर्थविचार होता.

१८/
त्या प्रयोगांतील एक आज विशेष आठवावासा वाटतो. १९३५ मध्ये मगनवाडीत सोयाबीन खाऊन पाहिले जात होते. गरिबाला स्वस्त प्रथिने मिळावीत, हा हेतू होता. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्याविषयी लिहिलेही. पुढे अर्ध्या शतकाने सोयाबीन वर्ध्यात आलेच, आणि पावसाळ्यात जिल्हाभर तेच दिसू लागले. परंतु ते ताटासाठी आले नाही. त्याचे तेल निघते आणि उरलेली पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्याला जाते. ज्या शेतकऱ्याच्या न्याहारीसाठी प्रयोग झाला, त्याच्या न्याहारीत सोयाबीन जवळजवळ नाही. उलट, त्याने ज्वारीचे शेत व्यापले.

१९/
ज्वारीची माघार एका कारणाने झाली नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न वाढले, पण खरिपातील ज्वारी परतीच्या पावसात सापडली की दाणा काळा पडतो आणि भाव मिळत नाही. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, कडब्याची गरज उरली नाही. रानडुकरे आणि पाखरे राखण्याला माणूस मिळेना. त्यातच स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ येऊ लागला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलोने देण्याचे ठरले. उपासमारीवरचा तो मोठा दिलासा होता, हे नाकारता येत नाही. मात्र तीन रुपयांचा तांदूळ घरात असताना काळ्या पडलेल्या ज्वारीची राखण कोण करणार होते?

२०/
तरीही आंबील पूर्णपणे नाहीशी झाली नाही. भाद्रपदात विदर्भातील घरोघरी महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा गौरी, जेवतात. पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी यांच्या पंगतीत ज्वारीची आंबील लागतेच. रोजच्या चुलीवरून उतरलेला पदार्थ देवीच्या ताटात जाऊन बसला. दैनंदिन वापरातून गेलेल्या गोष्टी विधीत टिकतात, हे इतिहासाच्या अभ्यासकाला ओळखीचे आहे. नैवेद्याचे ताट एका अर्थी दस्तऐवज असते; पूर्वजांचे रोजचे अन्न काय होते याची नोंद त्यात राहते.

२१/
नायजेरियात ओगीला अजून अशा आश्रयाची गरज पडलेली नाही. लागोसच्या आणि कानोच्या रस्त्यांवर सकाळी मोठ्या कढईत अकारा तळला जातो, शेजारी पातेल्यात गरम पेज असते. तेथेही पाव आहे, १९८८ पासून पाकिटबंद नूडल्स आहेत, जसे आपल्याकडे १९८३ पासून. तरी जुनी पेज टिकली. याचे एक कारण डोळ्यांसमोर आहे : ती रस्त्यावर विकली गेली. शहरात आलेल्या माणसाला ती घड्याळाच्या वेळेत, विकत आणि गरम मिळाली, आणि ती करणाऱ्या बाईला त्यातून उत्पन्न झाले. आपल्याकडे आंबील घराबाहेर पडलीच नाही. बाजारातील जागा पोह्यांना आणि चहाला मिळाली. जुने अन्न विकले जाऊ शकते की नाही, यावरही त्याचे आयुष्य ठरते.

२२/
२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. प्रस्ताव भारताचा होता आणि त्याच्या पाठीराख्या देशांत नायजेरियाही होता. ज्वारीचे माहेरघर असलेले खंड आणि तिचे सासर एका कागदावर आले. तेव्हापासून ज्वारी पुन्हा प्रतिष्ठित झाली आहे, पण वेगळ्या रूपात. शहरात तिचे पीठ गव्हाच्या पिठाहून महाग मिळते, पोह्यांसारखे ज्वारीचे फ्लेक्स पाकिटात येतात. जिला गरिबाचे धान्य म्हणून हिणवले, ती आता गरिबालाच परवडेनाशी होते आहे. ज्वारी परत आली का, हा प्रश्न दुकानाच्या फळीकडे पाहून सुटणार नाही. ती वर्ध्याच्या शेतात आणि मजुराच्या ताटात परत येते का, हे पाहावे लागेल.

२३/
पोहे वाईट आणि आंबील थोर, असा निवाडा या धाग्याला करायचा नाही. तर्री-पोहे हेही आता वैदर्भीय संस्कृतीचे अस्सल अपत्य आहे. त्यामागे लोहमार्ग, गिरणी, कचेरी आणि रुग्णालय यांचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे. लक्षात ठेवायचे ते इतकेच की सकाळचे ताट आपोआप ठरत नाही. जहाजे, जकाती, कायदे, भाव आणि माणसाला मिळणारा वेळ ते ठरवतात.

२४/
या इतिहासाचा मोठा भाग कोठेही लिहिलेला नाही. राजांच्या मेजवान्यांची वर्णने सापडतात, मजुराच्या न्याहारीची क्वचितच. ती नोंद आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आज्यांच्या स्मरणात आहे : पीठ किती वेळ भिजवायचे, ताक किती आंबट हवे, कण्या किती भरड ठेवायच्या, शेतावर शिदोरी कोण नेई, आणि घरात चहा पहिल्यांदा कधी आला. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी आजी आहे, त्यांनी तिला हे पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे तारीख घालून वहीत उतरवावीत. पुराभिलेखागारात न मिळणारे साधन त्यातून तयार होईल.